भाडेकरूचे अंगण आणि कंपनीची पाटी

इंग्लंडमधील एखाद्या शहरात सदनिकांच्या इमारतीत भाड्याने राहणारा माणूस संध्याकाळी कामावरून परततो, करारात लिहून दिलेल्या आपल्या जागेत मोटार उभी करतो आणि सकाळी खाली येऊन पाहतो तो काचेवर एक पाकीट चिकटवलेले असते. आतल्या कागदावर शंभर पौंडांची मागणी असते. चौदा दिवसांत भरल्यास साठ पौंडांवर भागेल, अशी सवलतही असते. अपराध कोणता, तर परवान्याचा कागद काचेवरून घसरून आसनाखाली पडला. जागा त्याच्या करारातली, भाडे वेळेवर भरलेले, कोणाची वाट अडलेली नाही, कोणाचे नुकसान झालेले नाही. तरीही स्वतःच्या अंगणात उभे राहिल्याबद्दल त्याने एका तिऱ्हाईत कंपनीला पैसे द्यावयाचे आहेत. ही कंपनी जमिनीची मालक नाही, इमारतीची मालक नाही आणि भाडेकरूने तिच्याशी कधी एका शब्दाचाही व्यवहार केलेला नाही. तिने फक्त भिंतीवर एक पाटी लावली आहे.

हा प्रश्न मोटारवाल्यांच्या किरकोळ गाऱ्हाण्यांपैकी एक म्हणून सोडून देता येईल. परंतु तसे करणे चूक ठरेल. ज्या देशात भाडेकरूच्या हक्कांचा कायदा शंभर वर्षांहून जुना आहे, तेथे एक पाटी त्या हक्कांवर मात कशी करू पाहते आणि राज्यसंस्था तिला कशी मदत करते, हे समजून घेणे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनाही उपयोगाचे आहे. पुण्यामुंबईहून नोकरीसाठी वा शिक्षणासाठी तिकडे गेलेली आणि भाड्याच्या सदनिकेत संसार मांडलेली मराठी कुटुंबे आज थोडी नाहीत; त्यांच्या दृष्टीने तर हा रोजच्या खर्चाचा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट ही की, पाकिटातला तो कागद म्हणजे सरकारी दंड नव्हे. नगरपरिषदेने सार्वजनिक रस्त्यावर दिलेल्या नोटिशीला कायद्याचा आधार असतो. तिचे इंग्रजी नाव ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. खासगी कंपनीच्या कागदाचे नाव ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोहोंची आद्याक्षरे एकच: पी. सी. एन. हा योगायोग कंपन्यांच्या फार पथ्यावर पडला आहे. सामान्य माणूस ती तीन अक्षरे पाहतो, पोलीस आणि न्यायालय त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतात आणि तो पैसे भरून मोकळा होतो. प्रत्यक्षात तो कागद म्हणजे एका व्यापाऱ्याने पाठविलेले बिल आहे. ‘आमची पाटी वाचून तुम्ही मोटार उभी केलीत, म्हणजे आमच्या अटी तुम्ही मान्य केल्यात, त्या मोडल्यात, म्हणून एवढी रक्कम द्या,’ असा तो करारावर आधारलेला दावा असतो. तो फौजदारी नाही, दिवाणी आहे; आणि दिवाणी दाव्यात देणे खरोखर लागते की नाही, हे दावा करणाऱ्याने सिद्ध करावयाचे असते.

या व्यवसायाचा आजचा विस्तार ज्या कायद्याने शक्य झाला, तो २०१२ सालचा ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट’. नावात स्वातंत्र्याचे रक्षण आहे. त्यापूर्वी खासगी जमिनीवरील मोटारीच्या चाकाला लोखंडी साखळदंड अडकवून पैसे उकळण्याचा उघड प्रकार चालत असे. या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये तो १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना भरपाईही मिळाली. मोटार कोणी चालविली हे सिद्ध करता आले नाही, तरी काही अटी पाळल्यास नोंदणीकृत वाहनधारकाकडून पैसे वसूल करण्याची मुभा त्यांना देण्यात आली. साखळदंड गेला आणि त्याच्या जागी टपाल आले.

हा वाहनधारक कोण, हे कंपनीला कळते कसे? ते सरकारच सांगते. वाहननोंदणीचे सरकारी खाते दर नोंदीमागे अडीच पौंड घेऊन नागरिकाचे नाव आणि पत्ता कंपनीच्या हवाली करते. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात अशा सुमारे १ कोटी २८ लाख नोंदी कंपन्यांनी मागवून घेतल्या. त्यांत दुकानांचे वाहनतळ आहेत, रुग्णालयांचे आहेत, स्थानकांचे आहेत आणि लोकांच्या घरांचेही आहेत. नागरिकाने कायद्याच्या सक्तीने सरकारकडे दिलेली माहिती अशा रीतीने खासगी वसुलीचा कच्चा माल बनते.

घरांच्या बाबतीत या धंद्याचे अर्थशास्त्र विशेष उद्बोधक आहे. इमारतीची व्यवस्था पाहणारी एजंट कंपनी पार्किंग कंपनीला बोलावते. पार्किंग कंपनी बहुधा इमारतीकडून एक पैसाही मागत नाही. पाट्या तिच्या, माणूस तिचा, कॅमेरा तिचा. एजंटाला वाटते की, फुकटात बंदोबस्त झाला. पण फुकट असे काही नसते. कंपनीचे सारे उत्पन्न वसुलीच्या नोटिशींतून यावयाचे, म्हणजे नियम मोडणारे कोणी सापडले नाही तर तिचा धंदा बुडावयाचा. बाहेरचे चोरटे वाहन आठवड्यातून एखादे येते; रहिवाशांच्या मोटारी मात्र रोज रात्री तेथेच असतात. तेव्हा ज्यांचे रक्षण करण्यासाठी कंपनी आणली, तेच तिचे सर्वांत खात्रीचे गिऱ्हाईक ठरतात. परवाना काचेच्या डाव्या कोपऱ्यात का नाही, नव्या मोटारीचा क्रमांक का कळविला नाही, चाक रेषेवर का आले, असल्या कारणांनी नोटिशी निघतात. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले, त्याची येथे आठवण होते. येथे काहीही उत्पादन झालेले नाही, कोणतीही सेवा वाढलेली नाही. केवळ वाटेवर बसण्याची संधी मिळाली म्हणून जाणाऱ्यायेणाऱ्याकडून काही काढून घेतले जाते. पूर्वीच्या जकातदाराला निदान राजाची सनद असे.

कंपन्यांच्या बाजूने नेहमी एक निकाल पुढे केला जातो, तो ‘पार्किंग-आय विरुद्ध बेव्हिस’ या खटल्याचा. चेम्सफर्ड येथील दुकानांच्या वाहनतळावर दोन तास विनामूल्य होते; एक गृहस्थ त्याहून छप्पन्न मिनिटे अधिक थांबले आणि त्यांना पंच्याऐंशी पौंडांची मागणी आली. ती अन्याय्य दंड ठरत नाही, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये दिला. दुकानदारांना गिऱ्हाइकांची ये-जा चालू ठेवावयाची असते, म्हणून मुदत पाळावयास लावण्यात कंपनीचे न्याय्य हित आहे, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. हा निकाल मान्य केला तरी तो घराला लागू कसा होतो? दुकानाच्या वाहनतळावर येणारा पाहुणा असतो. पाटीवरच्या अटींवर त्याला आत येण्याची परवानगी मिळालेली असते, त्याआधी त्याचा तेथे कसलाही हक्क नसतो. सदनिकेत राहणारा माणूस मात्र पाटी लागण्यापूर्वीच, आपल्या भाडेकराराच्या बळावर, तेथे हक्काने उभा असतो. जे त्याच्याजवळ आधीच आहे, ते त्याला पुन्हा देऊ करून कंपनी त्याच्याशी कोणता करार करणार? आणि त्याच्याच जागेत त्याला ताटकळत ठेवण्यात तिचे न्याय्य हित ते कोणते?

नेमका हाच मुद्दा २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयात अपिलात निघाला. सदनिकेची भाडेपट्टाधारक असलेल्या एका स्त्रीने जड सामान आत नेण्यासाठी इमारतीच्या दाराशी काही मिनिटे मोटार थांबविली होती आणि तिला नोटीस मिळाली होती. न्यायाधीशांनी तिच्या बाजूने निकाल दिला. भाडेपट्ट्याने तिला येण्याजाण्याचा जो हक्क मिळाला होता, त्यात सामान चढविण्या-उतरविण्यासाठी थांबणे आलेच. तो हक्क पाटी लावून परस्पर कमी करता येत नाही. आणि सामान उतरवून घेण्यासाठी क्षणभर थांबणे म्हणजे ‘पार्किंग’ही नव्हे, असे त्यांनी सांगितले. पोस्टाची गाडी, किराण्याची गाडी, अशक्त माणसाला दारापर्यंत पोचविणारे वाहन यांनाही थांबता आले नाही तर सदनिकांतले जीवन चालावे कसे, हा साधा व्यवहार त्या निकालामागे आहे. काउंटी न्यायालयाचा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो, हे खरे. पण अपिलात दिलेला असल्याने त्याला वजन आहे आणि रहिवाशांच्या बचावात त्याचा आधार तेव्हापासून वारंवार घेतला जातो.

याचा अर्थ प्रत्येक भाडेकरू जिंकेलच असा मात्र नाही, आणि कार्यकर्त्याने लोकांना खोटी आशा दाखवू नये. सारे काही कागदावर अवलंबून असते. करारात जागेचा उल्लेख कसा आहे? ‘अमुक क्रमांकाची जागा वापरण्याचा हक्क’ असे शब्द असतील आणि परवाना लावण्याची अट नसेल, तर भाडेकरूची बाजू भक्कम. ‘व्यवस्थापक वेळोवेळी करील त्या नियमांना अधीन राहून’ असे शब्द असतील, तर ती दुबळी. शिवाय अल्प मुदतीच्या भाडेकरूने आणखी एक पायरी वर पाहिले पाहिजे. त्याचा घरमालक हा बहुधा स्वतःच दीर्घ मुदतीचा पट्टेदार असतो, आणि आपल्याजवळ नसलेला हक्क तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणून मूळ पट्टा वाचणे आवश्यक; त्याची प्रत घरमालकाकडून किंवा जमीन-नोंदणी खात्याकडून मिळते. मूळ पट्ट्यांच्या अटी बदलावयाच्या तर १९८७ च्या ‘लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट’ या कायद्याने त्याची रीत घालून दिली आहे: आठांहून अधिक सदनिका असतील तेथे निदान ७५ टक्क्यांची संमती हवी आणि विरोध १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये; त्यावरही न्यायाधिकरणाचा हुकूम लागतो. एजंटाने एका सकाळी पाटी ठोकली म्हणजे ही सारी रीत पार पडली, असे होत नाही.

मग भाडेकरूने करावयाचे काय? आधी नोटीस, पाटी, आपली जागा आणि परवाना यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. नंतर करार काढून वाचावा. कंपनीकडे मुदतीत लेखी हरकत घ्यावी आणि ती वाहनधारक या नात्याने घ्यावी. मोटार कोण चालवीत होते, हे खासगी कंपनीला सांगण्याचे कायदेशीर बंधन नाही. काचेवर काही न लावता थेट टपालाने नोटीस आली असेल, तर ती चौदा दिवसांत पोचली का, हे मोजावे; मुदत चुकलेली असेल तर २०१२ च्या कायद्याखाली वाहनधारकावर जबाबदारी येत नाही. जमीनमालकाने कंपनीला कोणते अधिकार लिहून दिले आहेत, त्याचा कागद मागावा. हरकत फेटाळली गेली तर कंपनी ज्या व्यापारी संघटनेची सभासद असेल, तिच्या अपील-मंडळाकडे जावे. त्याच वेळी घरमालकाला आणि एजंटाला पत्र लिहून नोटीस रद्द करविण्याची मागणी करावी. ज्यांनी कंपनी आणली, त्यांच्या एका शब्दावर पुष्कळ नोटिशी निकालात निघतात. वसुली-एजंटांच्या धमकीच्या पत्रांनी घाबरू नये. त्यांना जप्तीचा अधिकार नसतो. पण न्यायालयाचा दावा-अर्ज आला तर तो कधीही केराच्या टोपलीत टाकू नये. चौदा दिवसांत पोच दिल्यास बचाव मांडावयास एकूण अठ्ठावीस दिवस मिळतात. गैरहजर राहिलेल्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होतो आणि वेळेत पैसे न भरल्यास त्याचा डाग सहा वर्षे पतनोंदीवर राहतो. कंपन्यांचे मोठे यश न्यायालयात मांडलेल्या युक्तिवादात नाही, तर न्यायालयात हजरच न झालेल्या माणसांत आहे.

इतके असूनही बहुसंख्य लोक पैसे का भरतात? साठ पौंड वाचविण्यासाठी चार पत्रे, एक अपील आणि कदाचित एक सुनावणी, हा हिशेब कष्टकऱ्याला परवडत नाही. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेची एका दिवसाची रजा त्याहून महाग असते. कंपनीने हा हिशेब आधीच केलेला असतो. साठाचा आकडा त्यातूनच निघतो. दुसरे कारण भयाचे. मूळ पट्टा दाखवा, एजंटाला जाब विचारा, असे घरमालकाला म्हणावयाचे, तर तो नाराज होईल आणि घर सोडावयास सांगेल. १९८८ च्या ‘हाउसिंग ॲक्ट’मधील एकविसाव्या कलमाने इंग्लंडमधील घरमालकांना कसलेही कारण न देता भाडेकरूला बाहेर काढण्याची सोय करून दिली होती. ते कलम १ मे २०२६ पासून संपुष्टात आणण्याची तरतूद २०२५ च्या नव्या कायद्याने केली, ही स्वागतार्ह घटना आहे. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर पक्के नाही, तो अंगणासाठी भांडत नाही.

संसदेने या धंद्याला वेसण घालण्याचा प्रयत्न केला नाही असे नव्हे. २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याखालची आचारसंहिता फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. लंडनबाहेर बहुतेक नोटिशींची रक्कम पन्नास पौंडांवर आणणे आणि वसुलीच्या नावाखाली वर चढविली जाणारी सुमारे सत्तर पौंडांची रक्कम बंद करणे, अशा तिच्या तरतुदी होत्या. कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने ती संहिता मागे घेतली. २०२४ मध्ये कंपन्यांच्या दोन संघटनांनी मिळून स्वतःची संहिता स्वतःच लिहिली. जुलै २०२५ मध्ये नव्या सरकारने पुन्हा जनतेची मते मागविली. कायदा झाल्यानंतर सहा वर्षे मते मागविण्यात जावीत आणि दरम्यान नोटिशी मात्र रोज निघत राहाव्यात, यातून राज्यसंस्थेवर कोणाचे हितसंबंध प्रभावी आहेत ते दिसते.

यावर एक आक्षेप असा की, बंदोबस्त नसेल तर स्थानकाजवळच्या इमारतींत बाहेरचे लोक मोटारी लावतील आणि रहिवाशांनाच जागा उरणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर रहिवाशांना लुटणे हे होऊ शकत नाही. जागेवर कुलूपबंद खांब बसविता येतो. फाटक घालता येते. रहिवाशांच्या मोटारींची यादी करून तीतील वाहनांना नोटीस निघणारच नाही, अशी अट घालता येते. या उपायांना थोडा खर्च येतो आणि तो सर्वांनी उघडपणे वाटून घ्यावा लागतो. ‘फुकट’ बंदोबस्ताचा खर्च मात्र ज्याचा कागद घसरला त्याच्या एकट्याच्या खिशातून जातो. प्रश्न बंदोबस्त हवा की नको हा नसून, तो कोणाच्या हुकमतीखाली असावा, हा आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाची दुसरी बाजू परिचित आहे. मुंबईत दहिसरच्या एका गृहनिर्माण संस्थेविरुद्ध बांधकाम कंपनीने इमारतीखालच्या, खांबांमधल्या मोकळ्या जागेवर हक्क सांगितला होता. ती जागा म्हणजे स्वतंत्र विकण्याचा गाळा नव्हे, ती सर्वांच्या सामाईक वापराची आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दिला. सदनिकाधारकांचा तो मोठा विजय होता. परंतु त्या विजयात भाडेकरू कोठे आहे? संस्थेच्या उपविधींतील वाहनतळाचे नियम ‘सभासदा’ची भाषा बोलतात. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणारा माणूस सभासद नाही आणि कायद्याच्या काटेकोर अर्थाने भाडेकरूही नाही. म्हणून करार करतानाच त्याने वाहनाची जागा, तिचा क्रमांक आणि तिचे शुल्क लिहून घेतले पाहिजे. बिल्डरविरुद्ध सामाईक हक्काचा झेंडा उभारणाऱ्या संस्थेनेच उद्या भाड्याने राहणाऱ्याला फाटकाबाहेर काढले, तर त्या झेंड्याला काय अर्थ राहिला?

शेवटी एका जुन्या गोष्टीची आठवण ठेवणे बरे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, ग्लासगोच्या घरमालकांनी भाडी वाढविली, तेव्हा मेरी बार्बर आणि तिच्या सहकारी कामगार स्त्रियांनी गल्लीगल्लीत समित्या उभारून वाढीव भाडे देण्यास नकार दिला. सुमारे वीस हजार भाडेकरू त्या संपात उतरले आणि त्याच वर्षी भाडी गोठविणारा कायदा ब्रिटिश संसदेला करावा लागला. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा मुंबईतही आला. त्या स्त्रियांपैकी प्रत्येकीला एकेकटीने गाठले असते, तर प्रत्येकीने निमूटपणे पैसे मोजले असते. पार्किंग कंपनी आज तेच करते. ती भाडेकरूला एकेकटे गाठते, काचेवर, पाकिटात बंद करून. एका इमारतीतील चाळीस भाडेकरूंनी आपापली पाकिटे एका टेबलावर आणून उघडली, मूळ पट्ट्याची एक प्रत मिळून मागविली आणि एजंटाकडे एकच पत्र चाळीस सह्यांनी पाठविले, तर त्या पाटीचा दरारा किती दिवस टिकेल? हक्क करारात लिहिलेला असतो, पण तो वसूल करण्यासाठी संघटना लागते.